बादल आता सगळ्यांकडे जात नाही

नागपूर
२१ जुलै २००२

प्रिय दुर्गेश्वरी वहिनी,

लग्नानंतर तुमच्या नावाने आपल्या घरी आलेलं हे पहिलंच पत्र असेल. तिलकदादा चिडवेल, चिडवू द्या. आईला वाचता येत नाही आणि दादा पत्र खिशात घालून विसरतो. दहावी झालेली वहिनी घरात आली आहे, तर तिचा उपयोग मी का करून घेऊ नये?

वसतिगृहात सोय बरी आहे. घरातली पहिली बी.ए. म्हणून गावाने मला निरोप दिला होता. इथे बी.एड.च्या वर्गात सगळ्याच बी.ए. आहेत, त्यामुळे माझा रुबाब गोंदिया स्टेशनावरच उतरून गेला.

आता खरं विचारते. बादल कसा आहे? परसराममामांनी तो दिला तेव्हा मी त्याला ओढणीत गुंडाळून आणला होता. मामा पोलिसांच्या श्वानपथकात होते, आणि बादलचे आई-बाप दोघेही कामाच्या कुत्र्यांच्या घराण्यातले अल्सेशियन. हे समजल्यावर गावातले लोक म्हणाले, हा माणसं फाडणार. आणि झालं काय? दूध न्यायला येणारा दुलीचंद त्याचे कान ओढतो आणि हा त्याचे हात चाटतो. गुलाबचंदकाका ओट्यावर बसले की त्यांच्या मांडीवर डोकं ठेवतो. ज्याला कोणी भीती दाखवली नाही त्याला जगात कोणी परकं वाटत नाही, हे मला बादलने शिकवलं. मी शिक्षिका होईन तेव्हा हेच धरून शिकवणार आहे.

म्हणून त्याला बांधू नका, मारू नका. आणि रोज एकदा त्याच्यापुढे माझं नाव घ्या. हसू नका.

तुमची
रविता

चिचटोला, ता. आमगाव
१९ ऑगस्ट २००२

रविताताईंना दुर्गेश्वरीचा नमस्कार.

पत्र पोचलं. यांनी चिडवलंच.

तुम्ही गेल्यावर बादल तुमच्या खाटेखालून निघत नव्हता. आईंनी भात टाकला, तो त्याला शिवला नाही. मग धानाची रोवणी सुरू झाली. मी बांधीत रोपं लावायला निघाले तर तो मागे आला. आता रोज येतो. धुऱ्यावर बसतो, कंटाळला की चिखलात उतरतो आणि सगळ्या बायांच्या लुगड्यांवर पाय उमटवतो.

मला लवकर बोलता येत नाही, ताई. माहेरीही तसंच होतं. एकदा रोवताना शामकला सगळ्यांसमोर म्हणाली, "तिलकनं बायको आणली का मुकी बाहुली?" बाया हसल्या. तेवढ्यात बादल तिचा भाकरीचा फडका घेऊन पळाला. मी त्याच्या मागे, शामकला माझ्या मागे. परत आलो तोवर आमची ओळख झाली होती. या गावात मला चार शब्द बोलता येतात ते त्याच्यामुळे.

तुमचं नाव रोज घेते. कान उभे करतो आणि दाराकडे पाहतो.

आपली
दुर्गेश्वरी

नागपूर
१७ नोव्हेंबर २००२

प्रिय वहिनी,

दिवाळीची सुट्टी संपली आणि मी पुन्हा इथे. मला पाहून बादल असा झेपावला की माझी बॅग एकीकडे आणि मी एकीकडे. किती मोठा झाला आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही, म्हणून लिहिते. राग नाही. रात्री तो माझ्या खाटेजवळ झोपेल असं मला वाटलं होतं. तो तुमच्या दाराशी जाऊन झोपला. आणि विहिरीजवळून मी त्याला हाक मारली, तेव्हा तो आला, पण निघण्याआधी त्याने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान हलवली. तुमच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या हाकेला माझा कुत्रा तुमची परवानगी घेऊन आला.

मी दूर आहे, तो काय करणार. पण यापुढे त्याला भात आईने टाकावा असं मला वाटतं. तुमच्यावर आधीच घरातलं काम पुष्कळ आहे, हाही विचार त्यात आहे.

रविता

चिचटोला
६ जानेवारी २००३

रविताताई,

तुमचं पत्र आईंना वाचून दाखवलं. कामाच्या विचाराचं तेवढंच वाचलं. त्यांनी एकदोन वेळा भात टाकला. मग म्हणाल्या, "मले वाकवत नाही. तुह्या कुत्र्याले तूच टाक." तुह्या हा शब्द त्यांचा आहे. मी म्हटलं, रविताताईंचा कुत्रा आहे. त्या म्हणाल्या, "तं तिले बोलाव नागपूरवरून."

आणखी एक सांगायचं आहे. बादलमध्ये फरक पडला आहे. दुलीचंदने नेहमीसारखे कान धरले, तर तो उठून पलीकडे जाऊन बसला. गुरगुरला नाही, भुंकला नाही. दुलीचंद म्हणाला, "साहेब झाला का बे तू?" गुलाबचंदकाकांजवळही आता जात नाही. ते मांडीवर थोपटून बोलावतात, हा लांबून पाहतो. घरच्यांशी मात्र तसाच आहे. यांच्याशी कुस्ती खेळतो, आईंच्या पायाशी लोळतो.

आईंना वाटते कोणाची नजर लागली. त्यांनी पुजाऱ्याकडून काळा दोरा आणून त्याच्या गळ्यात बांधला. मला काही समजत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, काय करायचं ते कळवा.

दुर्गेश्वरी

नागपूर
२६ जानेवारी २००३

वहिनी,

काळा दोरा आधी काढा. माझ्या घरात हे चालावं याची मला लाज वाटते.

कुत्रं आपोआप बदलत नाही. ते दिवसभर ज्याच्यासोबत राहतं त्याचंच पाहून शिकतं. तुम्ही कोणाशी बोलत नाही. पाहुणा आला की पदर ओढून आत जाता. दिवाळीत मी पाहिलं, माझ्या मैत्रिणी आल्या तर चहाचे कप ठेवून तुम्ही भिंतीशी उभ्या राहिलात. त्यानेही तेच उचललं. माणूस म्हणजे टाळायची वस्तू असं त्याला वाटायला लागलं आहे.

अजून वेळ गेलेली नाही. घरी जो येईल त्याच्या हाताने बादलला बिस्किट द्यायला लावा. प्रत्येकाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा. तो दूर गेला तर धरून आणायचा. मी नोकरीला लागले की त्याला घेऊन जाणारच आहे. तोवर आणखी बिघडू देऊ नका.

रविता

चिचटोला
१० मार्च २००३

रविताताई,

तुम्ही सांगितलं तसं करून पाहते आहे. बिस्किटाचा पुडा ओट्यावर ठेवला आहे. पाहुणा हात पुढे करतो, बादल तोंड फिरवतो. धरून आणला तर अंग ताठ करून उभा राहतो आणि माझ्याकडे पाहतो. मला त्याचं ते पाहणं सहन होत नाही, तरी धरते. गुलाबचंदकाका रुसले. दोन बिस्किटं स्वतः खाऊन गेले.

माझ्याबद्दल लिहिलं ते खरं असेल. मी तसा कधी विचार केला नव्हता. आता तो कोणापासून दूर सरकला की मला वाटते, हे मीच त्याला दिलं.

तुमची परीक्षा नीट होवो.

दुर्गेश्वरी

बोदलकसा, ता. तिरोडा
१२ ऑक्टोबर २००३

प्रिय वहिनी,

दादाकडून समजलंच असेल, इथल्या आश्रमशाळेत मी रुजू झाले. परीक्षा, मग साक्षरता शिबिर, मग ही नोकरी. गेल्या दिवाळीपासून घरी येणंच झालं नाही. तलावापासून थोड्या अंतरावर मला खोली मिळाली आहे, मागे कुंपण घातलेलं अंगण आहे. खोली पाहिल्याबरोबर मनात आलं, बादल इथे राहील.

दिवाळीनंतर आपल्या गावची मंडई आहे, तेव्हा येते. आमचे मुख्याध्यापक इंद्रकुमार सर आणि त्यांच्या पत्नी सोबत आहेत. ते अमरावतीकडचे, मंडई म्हणजे त्यांना भाजीबाजार वाटला, आपल्याकडची ही जत्रा त्यांनी पाहिलेली नाही. मी त्यांना सांगितलं, त्या दिवशी सगळ्या गावाची दारं उघडी असतात, कोण कोणाचा पाहुणा हे कोणी विचारत नाही, जो येईल त्याला पाटावर बसवायचं. बादलबद्दलही सांगितलं आहे.

म्हणून विनंती. दादा म्हणत होता की हल्ली गर्दी असली की तुम्ही बादलला मागच्या गोठ्यात बांधता. मंडईच्या दिवशी तसं करू नका. ज्या घरात कुत्रं साखळीला आहे तिथे पाहुणा जेवेल का? त्याला दारात मोकळा ठेवा. मी असेन तर तो पहिल्यासारखाच वागेल. मी त्याला वाढवलं आहे.

रविता

चिचटोला
९ नोव्हेंबर २००३

रविताताई,

सरांचा हात कसा आहे ते आधी कळवा. आमगावच्या दवाखान्यातलं इंजेक्शन झालं, पुढची तिरोड्याला घेतली असतील.

मंडईच्या दिवसापासून हे पत्र मनात लिहिते आहे. तुम्ही अंगणात आलात तेव्हा बादल तुमच्याजवळ आला. तुमचा हात हुंगला, शेपटी हलवली आणि परत माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. एखादी ओळखीची बाई भेटावी तसा. तुमचा चेहरा उतरला तो मी पाहिला. मग तुम्ही सरांना म्हणालात, घाबरू नका, गळ्यात हात घाला, त्याला आवडतं. सर वाकले आणि त्यांनी वरून त्याला मिठी मारली. त्याने त्यांचं मनगट दातांत धरलं. मी "सोड" म्हटलं, त्याने सोडलं. एवढंच झालं. फाडायचं असतं तर त्याने फाडलं असतं.

आणि तुम्ही पंगतीत बसलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालात, "माझा कुत्रा बिघडवला तुम्ही. स्वतः माणूसघाण्या, त्यालाही तसाच केला." हातात वरणाचं भांडं होतं, मी वाढत राहिले. शामकला मागून म्हणाली, "बोल ना वो काही, काऊन चूप बसली?" 

आता बोलते. मी त्याला चावायला शिकवलं नाही. पण गेल्या वर्षीच्या दिवाळीत तुमच्या हाकेवर त्याने आधी माझ्याकडे पाहिलं ते माझ्या लक्षात आलं होतं. मुद्दाम मान हलवली होती. या घरात सगळं तुमचं होतं, ताई. तुमची खाट, तुमचं कपाट, तुमच्या परीक्षेच्या गोष्टी. तेवढं एक माझ्याकडे पाहत होतं.

कुत्रा तुमचा आहे. हे गावातल्या दुधरामच्या जीपमधून रविवारी आणून सोडतील. मी येणार नाही.

दुर्गेश्वरी

बोदलकसा
३० नोव्हेंबर २००३

वहिनी,

सरांचा हात बरा आहे. ते काही मनात ठेवत नाहीत. त्यांच्या पत्नी मात्र आमच्या कुंपणाकडून जात नाहीत.

बादल इथे छान रमला आहे. शाळेची मुलं दिवसभर त्याच्याभोवती असतात. तलावाकडे फिरायला नेते. जागा मोठी असल्याने त्याला आनंद होतो. तुम्ही काळजी करत असाल म्हणून कळवलं.

त्याच्या भातात तुम्ही काय घालत होता? वरण की दूध? इथे मासे स्वस्त मिळतात, ते उकडून दिले तर चालतात का? पेज देत होता का कधी? भांडं जर्मनचं होतं की लोखंडाचं? आणि तुम्ही त्याला काय म्हणून बोलावत होता? सहज विचारते आहे. सवयी माहीत असलेल्या बऱ्या.

मंडईच्या दिवशी मी जे बोलले त्याबद्दल नंतर लिहीन.

रविता

चिचटोला
८ डिसेंबर २००३

रविताताई,

ज्याचा कुत्रा जेवतो तो असे प्रश्न विचारत नाही.

आईंना काही सांगितलं नाही. त्यांना स्वतःच समजलं. पत्र वाचताना माझा आवाज ऐकून म्हणाल्या, "ते कुत्रं तिकडं उपाशी मरून राहिलं ना?"

मी खरं लिहिते. तो तुमच्याकडे जेवत नाही हे कळल्यावर आधी मला बरं वाटलं. चुलीवर भात शिजत होता आणि मी हसत होते. मुलं त्याच्याभोवती असतात हे खोटं आहे हे ओळखूनही त्या मुलांचा मला राग आला. मग भात वाढायला घेतला आणि माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

भातात वरण, मीठ नाही. मासे देऊ नका, काटे. भांडं कोणतंही चालेल. वाढल्यावर समोर बसू नका, गोंजारू नका, पाठ करून तुमचं काम करा. नाव घेऊन मी त्याला बोलावत नाही. जीभ टाळ्याला लावून टक करते.

मी आले तर तो जेवेल. पण मी बस धरल्यावर पुन्हा तेच होईल, आणि दुसऱ्यांदा त्याला दूर करणं मला जमणार नाही. म्हणून बोलावू नका.

दुर्गेश्वरी

बोदलकसा
२१ डिसेंबर २००३

वहिनी,

तुमच्या सांगण्याप्रमाणे पाठ करून बसले, तेव्हा त्याने थोडं खाल्लं. जगण्यापुरतं खातो आणि पुन्हा फाटकाशी जातो. मी टक केलं. तो विजेसारखा उठला, धावत माझ्यापर्यंत आला आणि माझ्या मागे पाहू लागला. तुम्ही कुठे आहात ते शोधत होता. पुन्हा मी ते केलं नाही.

काल गोंदियाला परसराममामांकडे गेले. त्यांनी बादलला बिघडवलं कोणी ते मला सांगावं, असं माझ्या मनात होतं. खरं म्हणजे त्यांनी तुमचं नाव घ्यावं म्हणून मी गेले होते. सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि हसायला लागले. म्हणाले, "पोरगं मोठं झालं, तू कायले रडून राहिली?" या घराण्यातली पिल्लं दीडदोन वर्षं सगळ्या गावाची असतात. अंगात समज आली की आपली माणसं कोणती ते ठरवतात. परक्यांना भीत नाहीत, त्यांच्यावर धावूनही जात नाहीत, फक्त उगीच अंगाला हात लावू देत नाहीत. त्याच्या आईचं असंच झालं होतं आणि त्याच्या बापाचंही. मामा म्हणाले, हे कोणी शिकवत नाही आणि कोणी बिघडवत नाही. बिघडतं ते धरून आणून लोकांच्या हाती दिल्याने.

ते बिस्किटांचं माझं होतं, वहिनी. मंडईतलं मोकळं ठेवणंही माझंच. तुमच्या अबोलपणाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तुम्ही त्याला काही दिलं नाही, घेतलंही नाही. हे तुम्हाला कागदावर लिहून द्यायचं होतं, कारण मीही कागदावरच लिहिलं होतं. जे पाहुण्यांसमोर बोलले ते घरी आल्यावर माणसांसमोरच परत घेईन.

निघताना मामांनी विचारलं, "तो ठरवत होता तवा तू कुठं होती?" मी बी.एड. करत होते. उत्तर तर होतं, पण ते बादलला कसं सांगणार?

माझा निरोप मिळताच दादा जीप घेऊन आला आहे. बादलला त्याच्यासोबत पाठवते आहे. मी मोठं मन करून काही देत नाही आहे, असं समजू नका. माझा जीव जळतो आहे. ओढणीतून मी आणला, शी-सू मी काढली, पहिला ताप आला तेव्हा उशाशी मी होते, आणि जीपचं दार उघडताच तो माझ्याकडे न पाहता आत चढून बसला आहे. खिडकीतून रस्त्याकडे पाहतो आहे.

एकच मागणं आहे. तुम्हाला पाहून त्याने काय केलं ते मला लिहू नका. आईच्या गुडघ्यांचं लिहा, धानाचं लिहा, शामकलेचं लिहा. ते मात्र इतक्यात नको.

रविता

चिचटोला
११ जानेवारी २००४

प्रिय रविताताई,

हे सुखरूप पोचले. जीपला आमगावजवळ पंक्चर झालं होतं, त्यामुळे उशीर झाला.

धानाची मळणी आटोपली. आईंचे गुडघे थंडीने धरले आहेत. मी मोहाचं तेल चोळते, त्या मला शिव्या देतात, म्हणजे बरं वाटत असावं. दुलीचंदने म्हैस घेतली, आता तो आपल्याकडे दुधासाठी येत नाही, उलट विकायला येतो. शामकला तिच्या पोरीला माझ्याकडे इंग्रजी वाचायला पाठवते. मला जेवढं येतं तेवढं शिकवते. शामकला ओट्यावर बसून ऐकते आणि मध्ये मध्ये मला टोमणे मारते. आता मीही मारते.

तुमचं पत्र मी एकदा सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मामांचं बोलणं होतं तेवढं नंतर पुन्हा एकटीने वाचलं. काही महिने छातीवर एक दगड होता. तो उतरला एवढं सांगते, जास्त लिहिता येत नाही.

जे लिहू नका म्हणालात ते लिहिलेलं नाही.

शिमग्याला या. एकट्याच या. फाटक ढकलून सरळ ओट्यावर येऊन बसा. कोणाला हाक मारू नका, हात पुढे करू नका, वाट पाहत आहोत असंही दाखवू नका. आईंशी बोलत बसा, त्यांना पुष्कळ सांगायचं आहे. वेळ लागेल. मी चहा ठेवून आत निघून जाईन, आणि तुम्ही बोलावल्याशिवाय बाहेर येणार नाही.

तुमची
दुर्गेश्वरी